एमबीबीएस नाही तर काय? लातूरच्या एका रिपीटर पोराची केस, जरा सविस्तर

केस अशी आहे. देवणी पट्ट्यातल्या एका गावचं पोरगं, बारावी झालेलं, लातूरला नीटचा एक रिपीट करून बसलेलं, घरचे म्हणतायत अजून एक वर्ष घे पण एमबीबीएसच पाहिजे, आणि पोरगं ना हो म्हणतंय ना नाही म्हणतंय, नुसतं गप्प. लई खोदून विचारलं तर म्हणतंय, "मॅडम, मला काय पाहिजे तेच कळंना झालंय."

मी लातुरात अकरावी बारावीला बायोलॉजी शिकवते, म्हणून हे वाक्य मला नवीन नाही. पण या पोराच्या बाबतीत पुढं जे झालं ते पूर्ण लिहून ठेवण्यासारखं वाटलं, म्हणून त्याला विचारून लिहितेय. नाव, गाव, कॉलेज देत नाही, ओळखू येईल असे तपशील गाळलेत.

आधी घरचं सांगते. कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर, दावणीला देवणी गाई आणि एक बैलजोडी, आजोबा अजून हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराच्या गोष्टी सांगणारे, लांबून जनावर बघून वानेरा का शेवरा का बाळंक्या (देवणीचेच रंगावरनं पडलेले तीन प्रकार) ते सांगणार वर दात न बघता वय सांगणार (हे वयाचं मला खरं वाटत नाही पण पोरगं शपथेवर सांगतं). आप्पा म्हणजे वडील, बारावीपर्यंत शिकलेले, माय, आणि एक धाकटी बहीण. पोराची दहावी २०२१ ची, म्हणजे कोरोनामुळं बोर्डाची परीक्षाच झाली नाही, नववीचे आणि शाळेचे मार्क धरून निकाल लागला. पडले नव्वदच्या वर. आमच्याकडं नव्वदच्या वर पडले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, सरळ लातूर. बोर्डाच्या मेरिट लिस्टीत इथली पोरं यायला लागली तेव्हापासून लातूर पॅटर्न हे नाव झालं, आता मेरिट लिस्ट नाही, पॅटर्न मात्र नीटवर चालू आहे, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यात पोराला वर काढायचा हाच एक पक्का रस्ता बसलेला आहे. त्यात चूक काय म्हणा, याच रस्त्यानं खरंच हजारो घरं वर आलीत, मी स्वतः बघितलीत.

पण त्या रस्त्यावर पोराचं काय होतं ते पण बघा. नीट ७२० मार्काची, बायोलॉजी ३६०, फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८०. दर टेस्टला मार्क, मार्कावर बॅच, बॅचवर बसायची जागा. मेसमध्ये नवीन पोरगं आलं की नाव विचारायच्या आधी विचारतात, किती पडायलेत? मग तो साडेचारशेवाला, हा साडेपाचशेवाला. आमच्या पोराचं बायोलॉजी चांगलं, फिजिक्स कायम मागं, त्यामुळं बॅच वर खाली व्हायची, आणि ज्या आठवड्यात बॅच खाली त्या आठवड्यात घरी फोन बंद. १७-१८ वर्षाच्या लेकराला आपण कोण आहोत ते दर रविवारी संध्याकाळी एका आकड्यावरनं कळत असेल तर त्याला "तुला काय पाहिजे" विचारून काय उपयोग, त्याच्याकडं उत्तर द्यायला आकड्याशिवाय काहीच शिल्लक नसतं.

२०२३ ला पहिली नीट, जेमतेम. मग रिपीट. २०२४ चा निकाल लागला ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी होती त्याच दिवशी, घरात टीव्हीवर निकाल चालू आणि पोरगं मोबाईल घेऊन गोठ्यात. मार्क पाचशेच्या पुढं गेले होते. दुसऱ्या एखाद्या वर्षी हे मार्क घेऊन घरात पेढे वाटले असते, पण ते वर्षच येडं होतं, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०, नंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सुधारित निकालात ते १७ राहिले, पण खालच्या पोरांच्या रँकची जी वाट लागायची ती लागलीच. पाचशेच्या पुढं जाऊन सरकारी एमबीबीएस लांबच राहिलं.

त्यानंतर आप्पा आणि पोरगं माझ्याकडं आले. आप्पा बोलले, पोरगं बसलं.

"मॅडम, अजून एक वर्ष दिलं तर निघंल का नाही, तुमी फकस्त एवढं सांगा. पैशाचं मी बघतो."

पैशाचं काय बघणार ते मला माहीत होतं. फी, रूम, मेस धरून वर्षाचा खर्च लाखाच्या कितीतरी पुढं जातो आणि मागच्या वर्षीचं मामाकडनं घेतलेलं अजून फिटलेलं नव्हतं. मी म्हणलं, दादा, ते मी सांगू शकत नाही, मला आधी याच्याशी एकट्यानं बोलू द्या.

एकट्यात बोलताना पहिला अर्धा तास काही निघालं नाही. मग सहज विचारलं की बायोलॉजीत एवढे मार्क कसे, तर म्हणाला जनावरांमुळं. आणि मग जे बोलायला लागला ते थांबेचना. २०२२ च्या दिवाळीत तो सुट्टीला घरी गेला होता, तेव्हा लंपी, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी येणारा रोग, जोरात होता. बाजार बंद, गावोगाव लसीकरण, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत होते. पशुधन पर्यवेक्षक एकटे आणि गावं ढीगभर, मग हा त्यांच्या मागं फिरायला लागला, जनावर धरायचं, नाव लिहायचं, बर्फाचा डबा सांभाळायचा. सुट्टी संपून लातूरला येईपर्यंत त्याच्या एका दोनशे पानी वहीत निम्म्या गावाच्या जनावरांची नोंद झाली होती. कुणाची गाय, अंगावर गाठी कोणत्या दिवशी दिसल्या, ताप, खाणं कधी सोडलं, पायाला सूज आली का, लस गाठीच्या आधी का नंतर, वाचली का गेली. त्यांच्या घरचं एक शेवरा वासरू गेलं त्यात. सरकारची मदत होती, गाईला ३० हजार, बैलाला २५, वासराला १६, त्यासाठी पंचनामा लागायचा, तो पण यानंच धावपळ करून करून घेतला. मी विचारलं वासरू गेल्यावर काय वाटलं, तर म्हणाला वाईट वाटलं, पण मॅडम, मला त्यापेक्षा हे कळंना की त्याच दावणीची गाय कशी वाचली.

या वाक्यावर मी जरा सरळ होऊन बसले. गुरांची माया आमच्याकडं प्रत्येक घरात आहे, पोळ्याला प्रत्येक जण भावूक होतो, त्यावरनं कुणी डॉक्टर होत नाही. इथं माया सोडून दुसरं काहीतरी होतं. रोग कसा चालतो ते बघायची हाव होती.

"मग व्हेटर्नरी का नाही?" असं मी विचारलं तर मान खाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीव्हीएससी म्हणजे पशुवैद्यकीय पदवीसाठी महाराष्ट्रात नीटचेच मार्क चालतात, फॉर्म तेवढा माफसूचा वेगळा भरावा लागतो, माफसू म्हणजे नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आणि त्याची सरकारी कॉलेजं आपल्याकडं उदगीर आणि परभणी दोन्हीकडं आहेत. साडेपाच वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. म्हणजे याच्या गावापासून एसटीनं जाता येईल एवढ्या अंतरावर, त्याच परीक्षेच्या मार्कावर. आणि यानं त्या वर्षी माफसूचा फॉर्मच भरला नव्हता! का, तर रूममधली पोरं म्हणाली होती, हा ढोराचा डॉक्टर होणार, दोन दिवस हंबरून चिडवलं होतं. आणि आप्पांना एकदा आडून विचारलं तर आप्पा म्हणाले होते, ढोरातच घालायचं असतं तर लातूरला कशाला ठेवलं असतं, घरी काय कमी ढोरं होती?

मी त्याला विचारलं, खरं सांग, साडेसहाशे पडले असते तर फॉर्म भरला असतास का? तो म्हणाला नसता भरला.

इथं बरेच सल्ला देणारे फसतात असं माझं मत आहे. म्हणतात, बघ, म्हणजे हे तुझं स्वप्न नाहीच, ही पडती बाजू आहे, द्राक्षं आंबट म्हणून चिंचा गोड. मला ते पटत नाही. साडेसहाशे पडलेल्या पोराला आमच्याकडं कुणी काही विचारतच नाही, त्याची निवड गावानं आधीच केलेली असते. त्यामुळं "मार्क असते तर काय केलं असतं" यावरनं पोराची आवड कळत नाही, गावाची कळते. पण म्हणून त्याची आवड खरीच आहे असंही मला म्हणता येत नव्हतं. दिवाळीची सुट्टी आणि एक वही, एवढ्यावर साडेपाच वर्षं कशी टाकायची. पोराला पण तीच शंका होती, तो म्हणाला, मॅडम, मी हरलोय म्हणून मला हे गोड लागतंय का खरंच गोड आहे?

मी म्हणलं खोलीत बसून हे कळणार नाही, दवाखान्यात जा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एका डॉक्टरांशी बोलून ठेवलं आणि त्याला सांगितलं पावसाळा होईपर्यंत जमेल तेवढं जा, चांगलं काय ते बघू नको, घाण काय ते बघ. पोळ्याच्या आसपास परत आला तेव्हा बोलणं एकदम वेगळं होतं. व्याल्यावर वार न पडलेली म्हैस, तीन दिवसांचा वास, डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत, आणि मालक बाजूला उभा राहून म्हणतोय काल का नाही आला. औषध संपलेलं, बाहेरनं आणा म्हणलं की शिव्या. रात्री अडलेली गाय, बॅटरीच्या उजेडात. हे सगळं सांगताना त्याला काय आवडलं नाही ते पण त्यानं सांगितलं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कृत्रिम रेतनाचं काम त्याला कंटाळवाणं वाटलं, दिवसभर तेच ते. नुसत्या गोळ्या वाटायचं काम नको वाटलं. पण मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन झालं तेव्हा तिथनं हलला नाही, एका गाईच्या पोटातनं प्लास्टिकचा गोळा निघाला ते तीनदा सांगितलं मला. आणि वही परत चालू झाली होती, या वेळी लाळ्या खुरकूत, गोचीड ताप, दगडी म्हणजे कासेचा आजार, सगळंच.

ज्याला एखाद्या कामातलं नेमकं काय नको ते सांगता येतं तो त्या कामाजवळ खरंच जाऊन आलेला असतो. नुसतं स्वप्न असतं ना, त्यात सगळंच छान असतं.

तरी घरचा प्रश्न तसाच. आप्पांना मी खलनायक करणार नाही, कारण ते नव्हतेच. त्यांचा हिशोब असा की माणसाचा डॉक्टर झाला तर घर एका पिढीत बाहेर पडतं, आणि ढोराचा डॉक्टर झाला तर फिरून शेणातच. ज्या शेणातनं पोराला काढायला त्यांनी कर्ज काढलं त्याच शेणाची पोराला आवड आहे हे ऐकून बापाला राग येणार नाही तर काय येणार. हा राग "बाबा, माझं स्वप्न आहे" असं म्हणून जात नाही, उलट वाढतो. मी पोराला एवढंच सांगितलं की आप्पांपुढं आवड हा विषय काढू नको, वर्ष, पैसा आणि काय झालं तर काय करायचं, एवढंच काढ.

मग दसऱ्याच्या आसपास बापलेकाचं एक ठरलं, चक्क वहीच्या कागदावर लिहून, आजोबा साक्षीला. अजून एक शेवटची नीट, २०२५. लातूरला न राहता घरी राहून, फक्त टेस्ट सिरीज लावायची, म्हणजे खर्च पाव. सरकारी एमबीबीएस लागलं तर पोरगं काही न बोलता जाणार. नाही लागलं तर माफसूचा फॉर्म भरायचा आणि आप्पांनी अडवायचं नाही. डोनेशन देऊन काहीही घ्यायचं नाही. चौथी नीट नाही. कागदावर आवड, स्वप्न असलं काही नव्हतं. मला विचाराल तर आप्पांनी सही केली ती खर्च पाव झाला म्हणून, आणि एमबीबीएसचा दरवाजा अजून उघडा होता म्हणून. चालतंय की.

घरी राहून अभ्यास म्हणजे लोक हसले. पण पोराला तिथं कुणी साडेपाचशेवाला म्हणत नव्हतं, सकाळी धार काढून बसायचा, दुपारी कधी गावातली कुणाची गाय बघायला बोलवायचे तर जायचा, नुसतं बघायला हं, औषध द्यायचं नाही हे मी बजावलं होतं. गावात लोक त्याला विचारायला लागले होते, हे कसंय बघ की जरा. कुणीतरी विचारतंय म्हणून माणूस किती सरळ होतो ते मी त्या हिवाळ्यात बघितलं, फोनवर आवाजच बदलला होता.

२०२५ ची नीट ४ मे ला झाली आणि फिजिक्सनं सगळ्यांना रडवलं. यालाही. निकालात मार्क २०२४ पेक्षा सत्तरऐंशीनं कमी! घरात सुतक. आणि मग रँक बघितली तर आधीपेक्षा बरीच वर. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते, पेपर सगळ्यांनाच जड गेला होता. म्हणजे ज्या आकड्यावर तीन वर्षं या पोराची किंमत ठरत होती तो आकडा खाली गेला आणि पोरगं वर आलं. आप्पांना हे समजावायला मला एक दुपार लागली.

सरकारी एमबीबीएस तरी नव्हतंच. पण आता नवीनच पेच आला जो कागदावर लिहिलेला नव्हता. त्या रँकवर सरकारी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, लागण्यासारखं होतं. आप्पांचे डोळे चमकले, माणसाचा तरी डॉक्टर, डोनेशन नाही, नावापुढं डॉक्टर, गावात दवाखाना टाकता येतो. कागद मोडत पण नव्हता कारण बीएएमएस सरकारीच होतं. मामा, चुलते, सगळे एका बाजूला. आणि आता मात्र पोरानं तोंड उघडलं. वर्षापूर्वी गप्प बसणारं पोरगं चुलत्यांपुढं म्हणालं की मला बीएएमएसमध्ये काय शिकवतात ते बघायची पण इच्छा नाही, मला गाईच्या पोटात काय होतं ते बघायचंय, पोरं चिडवतील तर चिडवूदेत.

माझ्या लेखी ही केस इथं सुटली. एमबीबीएस हुकलं म्हणून व्हेटर्नरी गोड, ही शंका तोपर्यंत कुणीच काढू शकत नव्हतं, तो स्वतः पण नाही. पण हातात गावाच्या नजरेत जास्त मानाचं काहीतरी असताना त्यानं ते सोडलं, तेव्हा ती शंका संपली.

आप्पा मात्र त्यानं नाही वळले, खरं सांगायचं तर. ते वळले एमपीएससीच्या जाहिरातीनं. २०२५ मध्येच पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे जनावरांच्या सरकारी डॉक्टरांच्या, २,७९५ जागांची जाहिरात निघाली होती, गट अ, आणि कुणीतरी आप्पांना सांगितलं की हा क्लास वन साहेब असतो, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात खुर्चीवर. या जाहिरातीच्या जागा हा पास होईपर्यंत राहणार नाहीत, आणि पुढची जाहिरात कधी निघेल ते देव जाणे, हे मी स्पष्ट सांगितलं, पण बापाला गावात सांगायला एक गोष्ट लागते आणि ती त्यांना मिळाली. काही जणांना वाटेल हा आवडीचा पराभव आहे, शेवटी नोकरीवरच आलं ना. मला तसं वाटत नाही. पोराला जायचं कारण वेगळं, बापाला सोडायचं कारण वेगळं, गाडी एकच. दोघांचं कारण एकच असावं असा हट्ट धरला की घरं तुटतात.

प्रवेश झाला, उदगीर परभणीपैकीच एका ठिकाणी. त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यात यांचं सोयाबीन पाण्यात गेलं, कितीतरी गावांत दावणीची जनावरं वाहून गेली, आणि पैशाचं परत सगळं अडलं. आप्पांनी एक बैल विकला. पोरानं नको म्हणलं होतं. हे लिहिलं नाही तर केस फार गुळगुळीत होईल, कुणाच्या तरी आवडीचा खर्च कुणाच्या तरी दावणीतनं गेलाच.

सध्या पहिलं वर्ष आहे, अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि पशुधन व्यवस्थापन. अ‍ॅनाटॉमीची हाडं पाठ होईनात म्हणून रडतं अधनंमधनं, पहिल्या टेस्टला कमी पडले, मी म्हणलं पडूदेत. वर्गातली निम्मी पोरं अजून एमबीबीएससाठी परत नीट द्यायच्या विचारात आहेत म्हणे, याला पण विचारतात तू देणार का. तो नाही म्हणतो, पण एकदा मला विचारलं त्यानं, मॅडम, देऊन बघू का? मी म्हणलं कागदावर काय लिहिलंय ते बघ. मग स्वतःच हसला. आप्पा गावात "पोरगं डॉक्टरकीला आहे" एवढंच सांगतात, कशाची ते समोरच्यानं विचारलं तरच.

धाकटी आता दहावीला आहे. चांगली चित्रं काढते, गणित पण बरंय. परवा आप्पांचा फोन आला, म्हणाले मॅडम, पोरीचं लातूरला अकरावीला बघायचं का, तुमच्या ओळखीनं हॉस्टेल मिळंल का. मी म्हणलं हॉस्टेलचं बघू दादा, आधी पोरीला घेऊन या, तिला मला भेटायचंय. ते म्हणाले, तिला काय विचारायचंय, ती तर हो म्हणायलीय. मी म्हणलं, म्हणूनच घेऊन या. दिवाळीनंतर येतो म्हणालेत.